दाजींची पक्कड

हसायचं तर हसा, पण आमच्या बायकोसमोर हा विषय काढू नका.

परवा सासुरवाडीला गेलो होतो, सोलापुरात शुक्रवार पेठेत. मेव्हणीच्या गिटारची तार तुटली होती. नवी घालायची, तर जुन्या तारेचं टोक दाबून धरणारी बारकी पिन निघेना. ती चमचा घेऊन बसलेली. मी म्हटलं, "सरक की. पक्कड आण."

"दाजी, पक्कड नको, त्यानं..."

सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती गप्प उठली आणि पक्कड घेऊन आली.

मी पिन धरून जोर लावला. पिनचं डोकं तुटलं, पक्कड घसरली आणि खालच्या लाकडाचा टवका उडाला. गिटार तिनं पहिल्या पगारातून घेतलेली.

तिनं सगळ्या तारा ढिल्या केल्या, गिटारच्या पोटात हात घातला आणि चमच्यानं आतून पिन वर ढकलली. अलगद निघाली.

मी म्हटलं, "अगं, मग आधी सांगायचं की."

ती टवक्यावरून बोट फिरवत म्हणाली, "आई म्हणते, जावयाला नाही म्हणायचं नसतं."

निघताना सासऱ्यांनी "जावईबापू, लई कष्ट घेतले" म्हणत रीतीप्रमाणं टोपी-टॉवेल दिला. टॉवेल सोलापुरी, चांगला मोठा. सात रस्ता चौकापर्यंत तोंड लपवायला पुरला.