आधी ओरडायचं

मुखेड-नांदेड एसटीत माझ्या पुढच्या सीटवर बाप-लेक बोलत होते.

"कराटे कशाला? कुस्ती शिक. कंधारच्या जत्रेत लई जण लोळवले मी. रस्त्यात कुणी आडवं आलं की एका डावात खाली!"

"कराटेच शिकते, बाबा. सर म्हणले, हात-पाय नंतर. आधी जोरात ओरडायला शिकवतो."

"ओरडायला काय शिकायचं?"

"हाव ना. ताईच्या लग्नात तिच्या दिरानं मला धरलं, तवा न शिकताच ओरडले होते मी."

बापानं मान वळवून मागच्या सीटांकडे पाहिलं.

"तुम्हीच माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणलात, गप, पाव्हणे ऐकतील."

"सृष्टी, हळू बोल. लोक ऐकून राहिले."

मी खिडकीबाहेर बघू लागलो.