विसाव्याला ठेवलेली जमीन

समारंभाचे अध्यक्ष आमचे मुखिया फिलेमोन बाबा, व्यासपीठावरचे पाहुणे, बढतीवर राजधानीला, होनिआराला निघालेले विकास अधिकारी हडसन साहेब आणि चटयांवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मला दोन कामं सांगितली आहेत. साहेबांचे आभार मानायचे आणि नदीकाठची जमीन पामतेलाच्या कंपनीला देण्याच्या कागदावर सही करायची. आमच्यात जमीन आईकडून लेकीकडे येते; ही माझ्या आईची, म्हणून सही माझी.

आधी आभार. साहेब आमच्याबरोबर पावसात चालले, तापाने फणफणले, तरी पळून गेले नाहीत. त्यांनी गावाचा अहवाल लिहिला. मी शाळा दुसरीत सोडली, पण शब्दकोश घेऊन तो तीन आठवडे वाचला. त्यात आमची जमीन ‘पडीक’ आहे. साहेब, आठवतं? तुम्ही विचारलंत, ‘काकू, इथून सध्या काय निघतं?’ मी म्हटलं, ‘सध्या काही नाही. सात वर्षं विसावा द्यायचा, मग कोनफळ लावायचं.’ तुम्ही पहिलं वाक्य लिहिलंत आणि वही मिटलीत.

फिलेमोन बाबा खुणावतायत, ‘एथेल, आटप, डुक्कर थंड होतंय.’ होऊ द्या, बाबा. ते मेलंय, त्याला कसली घाई?

नदीपलीकडच्या माझ्या बहिणीने तिची जमीन कंपनीला दिली. तिच्या गावाचं उत्पन्न दुप्पट झालं, असं अहवाल म्हणतो. खरंच आहे. पूर्वी ती स्वतःच्या मळ्यातली अळकुडी खायची, ती कोणी मोजत नव्हतं. आता मजुरीच्या पैशात तांदूळ आणि डब्यातली मासळी घेते, ते मोजतात. परवा म्हणाली, ‘ताई, एवढी प्रगती झाली, मग महिनाअखेरीला तुझ्या टोपलीची वाट का बघते गं मी?’

माझा नवरा स्टॅनली चौतीस वर्षं नदीतले मासे गावात वाटत होता. अहवालात तो कुठेच नाही. आजारी पडला, तेव्हा होडीचं तेल, दवाखाना, शवपेटी, सगळं मोजलं गेलं. देशाच्या वाढीला त्याचा हातभार लागला तो मरताना, असं समजू का मी?

मागून माझा भाचा सायलस ओरडतोय, ‘मावशी, रस्ता असता तर काका वाचले असते! कंपनी रस्ता देतेय!’

ऐकलं रे. रोज अंथरुणातून उठताना मी हेच ऐकते. रस्ता हवाच, आणि तो मी मरेपर्यंत सरकारकडे मागेन. पण काकांच्या नावाने तुझ्या बहिणींचा मळा मागू नकोस.

साहेब, सुखरूप जा. सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर क्षमा करा. सही मी करत नाही. त्याची क्षमा मात्र मागत नाही.