हरणाचं शिंग

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवरची पट्टी आज सुटायची होती. त्याच्या मांडीवर लाकडी हरीण होतं.

"अहो, इथे तरी घासणं थांबवा. सगळा भुसा माझ्या अंगावर!"

"आइस्क्रीमच्या काडीला पॉलिशपेपर कुणी चिकटवून दिला? तूच ना? एक रबरबँड गुंडाळलेली काडी खरखरीत, दोन गुंडाळलेली मऊ, बोटांनीच कळतं. डोळे हवेत कशाला?"

"पट्टी सुटली की लगेच हरणाकडे बघू नका हं."

"का गं?"

"ते कापायला मशीनच्या करवतीवर पहिल्यांदाच बसले मी. कडा वाकड्यातिकड्या आल्यात."

"आणि शिंग?"

"शिंगाचं काय?"

"मोडलंस की एक."

"तुम्हाला कसं कळलं?"

"काडी फिरवायला गेलो, तर जागेवर शिंगच नाही. मग दुसरंही काढून घासून टाकलं. आता हरिणी झाली ती."

"अगंबाई! आणि इतके दिवस गप्प बसलात?"

"बोललो असतो, तर तू परत करवतीला हात लावला नसतास."

"परत कशाला लावू?"

"हरिणीला पाडस नको?"

"पाडसाला शिंगं नसतात ना?"

"नसतात."

"मग कापते. पण या वेळी समोर बसून बघायचं."