अंगठा माझा, विचारतंय कोण!

…अहो, कापायचा म्हणे! नख नव्हे, अख्खा अंगठा! डाव्या पायाचा! तुम्हाला सांगतो, सर्जनसाहेब असे बोलले की जणू शर्टाचं लोंबतं बटण काढायचंय… "काका, जखम दोन महिने भरत नाही, तिथे ऑक्सिजनच पोचत नाहीये. गुरुवारी उरकून टाकू." उरकून? याच पायानं चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं मी! पण अंगठा माझा, विचारतंय कोण मला!

आणि हे ठरलं कशावर? तर एका खोलीत मशीनवाली मुलगी असते. ती पायावर लाल दिवा धरते, त्याचा उजेड किती परत येतो त्यावरून म्हणे ऑक्सिजन कळतो. वरून एक कॅमेरा, तो उष्णतेचा फोटो काढतो… ऊब तिथे लाल, गारवा तिथे निळा. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा उजवा पाय लालबुंद, डावा निळाशार! दिव्याचा ऑक्सिजनचा आकडा शंभरात पस्तीस! बायको रडून रडून अर्धी झाली हो. आणि मी? मी रात्रंदिवस अंगठ्याकडे बघत बसलो. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू?

बुधवारी शेवटचं माप. आम्ही बाहेर बाकावर. हिनं नेहमीप्रमाणे बाटलीतल्या गार पाण्यात रुमाल बुडवला आणि पट्टीचा भाग सोडून माझा पाय खसाखसा पुसायला लागली. "अगं, गार आहे!" "गप्प बसा! चारचौघांपुढे असला पाय ठेवायचा?" तेवढ्यात मशीनवाल्या मुलीनं दार उघडलं…

"काकू! हे काय करताय?"

"पुसतेय."

"दर वेळी पुसता? दोन्ही पाय?"

"उजवा कशाला? सगळे बघणार डावाच!"

त्या मुलीनं कपाळावर हात मारला! "अहो, ओला पाय गार पडतो, रक्तवाहिन्या आखडतात, मग माझी मापं काय कप्पाळ खरी येणार?" पाय कोरडा केला, वीस मिनिटं झोपवलं, बायकोला बाहेर बसवलं. आणि काय सांगू! पडद्यावर निळ्याचा पोपटी, पोपटीचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी… आयुष्यभर कापडाचे रंग पाहिले, पण असा नारिंगी नाही पाहिला! दिव्याचा आकडा पस्तीसवरून साठ! पस्तिशीतून साठीत जायला मला पंचवीस वर्षं लागली, हा वीस मिनिटांत गेला!

सर्जनसाहेबांनी दोनदा चष्मा पुसला. "काका, कापायचं रद्द! जखम भरेल ही." मी तिथेच पलंगावर अंगठा हलवून दाखवला सगळ्यांना! जिंकलो!

जखम भरली. काल शेजारीण आली भेटायला. ही अगदी छाती पुढे काढून सांगतेय, "मी पाय इतका स्वच्छ पुसायचे ना, म्हणून वाचला हो अंगठा!"

मी आपला खाली बघून अंगठा हलवला… अंगठा माझा, विचारतंय कोण मला!