आर्डिथबाईंनी न सांगितलेलं नाव

सन्माननीय अध्यक्षा मार्व्हल श्युटबाई, मिलवॉकीहून इतका बर्फ तुडवत आलेले व्यासपीठावरचे पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आर्डिथ ब्रँडलबाई, आणि बटाट्याच्या सॅलडकडे एक डोळा ठेवून बसलेल्या आमच्या वॉसॉ नाणेमंडळाच्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. कागदावर लिहूनही आणलंय, पण तो खिशातच ठेवतो.

आर्डिथबाई उद्या कायमच्या टूसॉनला लेकीकडे चालल्या. डोळे थकले, म्हणतात. या डोळ्यांनी एकतीस वर्षं आपली नाणी पाहिली. टांकसाळीतच चुकून वेगळं निघालेलं नाणं कुठलं, आणि बाहेर पडल्यावर कुणीतरी ठोकलेलं, घासलेलं, चेपलेलं कुठलं, हे आपण कुणाला विचारलं? यांनाच ना? हे पहिल्या रांगेतले ड्वेन साहेब एकदा कडा जाड झालेलं सेंटचं नाणं घेऊन आले होते. छाती ही एवढी फुगलेली! बाई म्हणाल्या, "ड्वेन, हे टांकसाळीतून आलेलं नाही, तुझ्या कपडे वाळवायच्या यंत्रातून आलंय. वर्षभर आत गरगरत होतं." हसा, हसा. ड्वेनही हसतोय.

बाई दातांच्या कवळ्या करायच्या. आयुष्यभर साचे पाहिलेले. ठसा कसा उमटतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

थोडं पाणी घेतो.

आता जे सांगणार आहे ते कार्यक्रमपत्रिकेत नाही. अध्यक्षांची आधीच माफी मागतो. तुम्ही सगळे नॉर्बर्ट कोल्पॅकला ओळखता. तो इथेच, तिसऱ्या रांगेत आहे. एकोणीस वर्षांपूर्वी दर रविवारी आम्ही दोघं त्याच्या स्वयंपाकघरात बसून बँकेतून आणलेली सेंटच्या नाण्यांची पुडकी फोडून दुर्मिळ नाणं शोधायचो. एका रविवारी त्याला एक नाणं मिळालं. पुढे लिंकनचा चेहरा, आणि मागच्या बाजूला जी खांबांची इमारत असते, तिच्यावर तोच चेहरा, उलटा आणि आत गेलेला. खरी अशी चूक कशी होते, हे आपल्याला ठाऊक आहे. एक नाणं टांकसाळीच्या यंत्रातल्या ठशाला चिकटून राहतं, पुढची कोरी चकती त्याच्यावर आदळते, आणि तिच्यावर असा उलटा चेहरा उमटतो. क्वचितच.

नॉर्बर्ट खुर्ची पाडून उठला. "लेलंड! अरे बघ, बघ! हात लावू नकोस, नुसतं बघ!" त्यानं बायकोला हाक मारली. तिला रडू आलं. मला कळेना, सेंटच्या नाण्यावर कुणी रडतं का? मग तिनं सांगितलं, शुक्रवारी कागदाच्या गिरणीतलं त्याचं काम सुटलं होतं. मला त्यानं सांगितलं नव्हतं.

ते नाणं त्या पुडक्यात मी घातलं होतं. माझ्या वर्कशॉपमधल्या व्हाइसच्या लोखंडी शिकंज्यात दोन नाणी एकावर एक ठेवून मी ते दाबलं होतं. गंमत म्हणून. दोन मिनिटं हसू, मग सांगू, असा बेत होता. त्या स्वयंपाकघरात मला सांगता आलं नाही.

पुढच्या सभेत, याच हॉलमध्ये, नॉर्बर्टनं ते बाईंसमोर ठेवलं. बाईंनी दहा मिनिटं पाहिलं. "नॉर्बर्ट, उलट्या चेहऱ्याखाली इमारतीचे खांब अजून दिसताहेत. कोऱ्या चकतीवर ते कुठून येतील? आणि इकडे लिंकनचं नाक बघ, चपटं झालंय. हे मागाहून कुणीतरी दाबलेलं आहे."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"तेवढं नाणं सांगत नाही."

"जळतेस तू! कवळ्या बनवणारीला नाण्यातलं काय कळतं?" असं म्हणून तो गेला, तो आजपर्यंत मंडळात परत आला नव्हता. गावभर बोलत राहिला. त्या वर्षी बाई अध्यक्षपदाची निवडणूक पाच मतांनी हरल्या. माझं मत कुणाला पडलं? मी त्या दिवशी आलोच नाही.

त्या सभेनंतर पंधरा दिवसांनी बाई भिंगाचा मोडका स्टँड दुरुस्तीला घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आल्या. व्हाइसच्या जबड्यावर मी ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला होता, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "लेलंड, या पत्र्यावरच्या ओरखड्याची रेघ मी पाहिलीय. नॉर्बर्टच्या नाण्यावर. तू त्याला सांगणार, का नाही?"

"सांगतो बाई. रविवारी सांगतो."

"कुठला रविवार ते तू ठरव. नाण्याचं काय झालं ते सांगणं माझं काम. कुणी केलं, ते ज्यानं केलं त्यानं सांगावं."

एकोणीस वर्षांत रविवार किती येतात? मी मोजायचं धाडस केलं नाही. नॉर्बर्ट किराणा दुकानात बाईंना पाहून दुसरीकडे वळायचा, आणि मी त्याच्या शेजारी उभा असायचो. बाईंनी माझं नाव कधीही घेतलं नाही. बाईंच्या या निरोपसमारंभाचं पत्र आलं तेव्हापासून मला झोप नाही. गेल्या मंगळवारी गेलो नॉर्बर्टकडे, आणि सांगून टाकलं.

तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तिला माहीत होतं?"

"हो."

"आणि ती गप्प राहिली?"

त्यानं टोपी घातली, गाडी काढली आणि थेट बाईंच्या दारात. मी मागून पोचलो. तो पायरीवर उभा होता. "आर्डिथ, एकोणीस वर्षं मी तुला शिव्या घातल्या."

"ठाऊक आहे. अर्ध्याअधिक कानावर आल्या. आत ये, खोकी उचलायला माणूस हवाय."

त्यानं रात्रीपर्यंत खोकी उचलली. मीही उचलली. माझ्याशी मात्र तो एक शब्द बोलला नाही, आजही नाही.

अध्यक्षा घड्याळ दाखवताहेत. आटोपतो. बाई, तुम्ही हरलेली ती निवडणूक मी तुम्हाला परत देऊ शकत नाही. चार लोकांसमोर, तुमच्यासमोर कबुली देऊ शकतो, ती दिली. मंडळानं मला बोलू दिलं, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर तुम्ही पोटात घालालच. नॉर्बर्ट, तुझ्याकडे मी तेवढ्यावर सुटका मागत नाही. तू वेळ घे.

आता मी खाली येतो. हॉल भरलाय, फक्त नॉर्बर्टच्या शेजारची खुर्ची राहिलीय, आणि तिच्यावर त्याचा कोट आहे. तो उचलायचा की नाही, ते त्यानं ठरवावं. मी उभा राहीन.