नळी कुणाच्या ताटात

— न्हाई न्हाई, त्या टेबलावर नको, तिथं पंखा थेट ताटावर येतोय, रस्सा गार हुतोय. हिकडं बसा, भितीकडंला. बसा, दिग्विजयराव. आता आधीच सांगून टाकतो — मी आप्पासो, मंगलचा मामा. तिचा बाप गेल्यापासनं तिच्यासाठी पोरगं बघायचं काम माझ्याकडं. माझी बहीण म्हणली, दादा, तू जग बघितलंयस, तूच बघ. जग म्हंजी काय, बावीस वर्सं फौजेत मेसचा हवालदार हुतो. चारचारशे जवानांची डाळ मी चाखायचो, मी हां म्हणल्याबिगर पातेलं हलायचं न्हाई. मग मला घरात पोहे खात पोरगं बघणं कसं पटावं? घरात समदीच गरीब गाय असत्यात. माणूस कळतोय हाटेलात. भूक लागलीय, जेवण येईना, वेटर भलतीकडंच बघतोय — तवा आतला माणूस भायेर येतोय. लोकं मोबाइलवर हाटेलाला चांदण्या देत्यात, मी समोर बसलेल्याला देतो. म्हणून तर आटपाडीहनं यष्टी धरून हितं सांगलीला आलो. तू म्हणलं तर चालंल न्हवं? मग झालं तर.

आलं बघ ताट, पाऊण तासानं. आता खायच्या आधी नजर टाकायची. तांबडा — वर तवंग लय, खाली मसाला बेताचाच, निस्ता रंग हाय. पांढरा बरा हाय, नारळ ताजा हाय, पर वाटी पाक निवलीया. भाकरी वाकवून बघ, कड तुटती — म्हंजी थापून तास झालाय. सुक्कं मटण मात्र झकास, त्यात खोट काढायची न्हाई. आणि सर्विस? सर्विसचं काय बोलू नको, ती माझीच हाय. व्हय, त्यो टकलू वेटर लालासाहेब, माझ्या वळखीचा. मीच त्येला सांगितलंतं, पाऊण तास ताट आणू नको आणि पाण्याचा जग रिकामा ठेव. रागावलास का? न्हाई रागावला, तेच बघत हुतो. जग रिकामा दिसला तसा तू उठून भरून आणलास, शेजारच्या म्हातारीच्या गिलासातबी वतलंस. दोन चांदण्या तिथंच पडल्या तुला.

पर खरी परीक्षा नळीची. दोन माणसं, सुक्क्यात नळीचं हाड एकच, तेबी मीच सांगितल्यालं — ती नळी जाती कुणाच्या ताटात? पैला आलता विट्याचा, त्यानं मी हात धुऊन येस्तवर चोखून टाकली. दुसऱ्यानं उचलून थेट माझ्या ताटात टाकली, घ्या मामा, घ्या मामा — असल्या लोणी लावणाऱ्याला मी पोरगी देतोय व्हय? तिसऱ्याला सातारला न्हेलता, पवई नाक्याला. त्यानं वेटरला चुटकी वाजवून बोलावलं, तवाच त्येचा निकाल लागला. आणि तू काय केलंस? ताटलीवर नळी आपटून आतला गर काढलास, निम्मा माझ्या भाकरीवर, निम्मा तुझ्या. आरं, बावीस वर्सांत असला माणूस मला मेसमदी दिसला न्हाई. मोठी पंचाईत केलीस गड्या माझी.

पंचाईत म्हंजी — तुझ्यात खोट काय काढू मी आता? न्हाई, काढायलाच पायजे असं न्हाई, पर... तुझी हुणारी मामी, म्हंजी माझी बायको दगडाबाई, तिला तू वळखत न्हाईस अजून. मला शुगर निघाल्यापासनं घरात आळणी भाजी आणि कारल्याचा रस. मटणाचं नाव काढलं की डॉक्टरचा कागद फुडं करती. फकस्त पोरगं बघायला जायचं म्हणलं की गप ऱ्हाती, कारण पोरीच्या जल्माचा सवाल हाय. मग मीबी काय करतो, जरा... जरा दमानं बघतो. सात पोरं झाली, तू आठवा. घाईनं पोरगी देऊन कसं चालंल?

काय म्हणलास? सातात एकबी बरा न्हवता? हुता की. चौथा, वीरधवल, कुंडलचा, कारखान्यावर केमिस्ट. त्यानं नळी बघितली आणि लालासाहेबाला म्हणाला, अजून एक आणा, मामांस्नी. सरळ, साधं. मंगलला त्येचा फोटो आवडला हुता. मी घरी आलो आणि सांगितलं, वेटरच्या अंगावर वरडला, असला माणूस नको. का सांगितलं? आरं, पैल्या तीन येळी ताट असलंतसलंच हुतं, आणि चौथ्याला कुठं जरा सुक्क्याला चव आली हुती — म्हणलं आता हो म्हणलं तर संपलंच की माझं. हसू नको. मीबी तवा मनात हसलोच हुतो. मग बघितलं, पोरगी दोन दिस जेवली न्हाई. तलाठी हाय, साऱ्या गावाशी भांडती, पर माझ्याशी भांडली न्हाई. म्हणली, मामा म्हणतोय तर नको. वीरधवलचं दुसरीकडं लगीन झालं, पोरगं झालं. आजबी कुंडलची पाटी दिसली की मी खिडकीतनं तोंड फिरवतो. लय वाईट केलं मी. हे तिला म्हाईत न्हाई, आणि तूबी सांगायचं न्हाईस, कळलं?

काय? कुणाला म्हाईत हाय?

कुणी सांगितलं तिला? वीरधवलनंच? फोन करून त्यानं विचारलं तिला, ‘मी वेटरवर वरडलो कवा?’ म्हणून... कवा, तवाच? म्हंजी तीन वर्सं झाली. आणि त्यानंतर तीन पोरं बघायला मला तिनंच धाडलंय की. थांब, तुला हे कसं म्हाईत? तुमी दोघं बोलताय व्हय? कवापासनं? दिवाळीपासनं. मग ठरलंय तुमचं. मी न्हाई म्हणलो तरी ठरलंय. आरं मग मला हितं कशाला धाडलं तिनं, परीक्षेचं सोंग करून?

जेवायला?

निस्तं जेवायला? तिनं म्हणलं असं? म्हणली, मामाला वर्सातनं एकदा तरी नीट जेवू दे...

सकाळी यष्टीत बसवून दिलं तिनं. खिडकीपाशी आली, म्हणली, घाई करू नको मामा, पोटभर जेवून ये. मला वाटलं, पोरीला काय कळत न्हाई.

जा, तू हात धू जा. न्हाई, मला काय झालं न्हाई, तिखाट लागलं असंल. तू जा म्हणतो न्हवं. मी येतो मागनं.