पेन्सिलीची फुली

हॅलो? … कोण, मनाली? बोल गं बाय… अगं हळू, बाहेर ट्रकवाले हॉर्न मारतायत, काय ऐकू येत न्हाय…

हो, हो… कुठल्या पेपरात? … माझं नाव? … अगं ऐक ना, सहीच केली मी, भाषण थोडंच केलं!

कसली म्हणजे? काल्हेरच्या सगळ्या गोदामवाल्यांनी केली. तो नवा कायदा येतोय ना, कंपन्यांनी राजकारणातल्या पार्टीला किती पैसे द्यायचे त्याला मर्यादा घालणारा… तो नको म्हणून. … हो गं, माहीत हाय, तू त्याच कायद्यासाठी ठाण्यात उन्हात उभी राहून सह्या मागतेस… मला काय ठाऊक, तोच हा!

न्हाय वाचला. … कधी वाचलाय मी? केसरीनाथमामा पेन्सिलीची फुली मारून आणतो, मी फुलीवर सही करते. तुझे बाबा गेले तेव्हापासून असंच. जमीन आपली, धंदा मामाचा, कंपनीत मी नावाला…

मामा म्हणतो, पार्टीला दिलं न्हाय तर गोदामांपर्यंत रस्ता कोण आणील? म्हणतो, कंपनीलाही बोलायचा हक्क हाय…

…

हो. देवेशलाही होता. … असं नको गं बोलू. तुझा भाऊ होता, तसा माझा पोरगाही होता तो.

मला सांगतेस? आपल्या गोदामाला आग लागली तेव्हा मागच्या दाराला मालाची खोकी लावलेली, म्हणून माझ्या पोराला बाहेर येता आलं न्हाय… दोन वर्षं होत आली, अजून एक भाकरी जास्त थापली जाते. … चौकशीचे साहेब? दोनदा आले, मग फिरकलेच न्हाय. मला वाटलं, संपली असेल.

काय? … आपल्या कंपनीनं? पार्टीला? … एवढे? … कधी? तारीख सांग परत…

अगं, त्याच्या आदल्या दिवशी तेरावं होतं देवेशचं… थांब… थांब जरा…

मामानं कागद आणला होता. म्हणाला, अगं कमळ, विम्याचा हाय. माझे डोळे सुजलेले, फुली दिसत नव्हती. त्यानं हात धरून जागा दाखवली…

म्हणजे मीच? … मनाली, माझ्याच सहीनं माझ्या देवेशची चौकशी दाबली… आई गं…

न्हाय. बोल. बोल तू, मला ऐकायलाच पाहिजे. … यंदा श्राद्धाला येणार न्हाय म्हणजे? त्याच्या फोटोला हार कोण घालील? … अगं, मी फसले गं… हो, वाचायला हवं होतं. चौथीपर्यंत शिकलेय, वाचता येतं मला. … हो. माझंच चुकलं. …

थांब, बेल वाजली. मामाच असणार, उद्या मंत्रालयात निवेदन न्यायचंय त्याला, त्यावरही माझी सही हवी. फोन ठेवू नको, तुला माझी शपथ. नुसतं ऐक…

ये दादा. बस. … न्हाय, चहा नंतर. कागद दे इकडे. … पेन्सिल ठेव खिशात. फुली नको. आधी वाचून दाखव, पहिल्या ओळीपासून. … आणि देवेशच्या तेराव्याला आणलेला कागद कुठे हाय? तोही वाचायचा. … खाली काय बघतोस? मोठ्यानं वाच, दादा. मनाली फोनवर हाय.

मनाली, ऐकतेस ना गं? … मनाली? … हॅलो? … बाय, आता तरी ऐक ना… हॅलो?